दोन्ही सालींना काप

खूप मागची गोष्ट आहे, बरं का. कुठल्याशा राज्याच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती माणसांचं एक गाव होतं. देऊळ कौलारू, घंटा लहान, पण तिचा आवाज पार शिवारापर्यंत जायचा.

त्या गावाची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे देवळात सगळ्यांनी मिळून प्रभूची भाकर खायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी, ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्याने त्याच्या उंबऱ्याशी जायचं आणि विचारायचं, "तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?" मग गप्प राहून ऐकायचं. एवढंच. पण एवढ्यानेच गाव एकत्र राहिलं होतं.

त्या गावात शांतवन नावाचा सुतार राहायचा. पोटासाठी त्याने रंधा धरला होता, पण त्याचा जीव रमायचा आंब्याच्या कलमांत. हातातलं काम संपलं की तो चाकू नि बांधायला केळीच्या खोडाचं सोपट घेऊन झाडाकडे निघालाच. त्याची बायको सलोमी म्हणायची, की ह्यांना जेवायला बोलवायचं तर आधी झाडावर बघावं लागतं.

शांतवनला एकच भाऊ होता, धाकटा नथानेल. घरं शेजारी शेजारी, मधे बापाने लावलेला आंबा. पण दोघांत बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. बाप वारला तेव्हा नथानेल कामाला परगावी होता, तो उशिरा पोचला. शांतवन कबरीपाशी चारचौघांत त्याला म्हणाला, की बाप आजारी होता तेव्हा कुठे होतास? नथानेलही दुखावलेला. तो म्हणाला, "तू तर घरीच होतास ना दादा? बाप पाणी मागत होता तेव्हा तू झाडांना पाणी घालत होतास." मातीवर माती पडली, माणसं पांगली, आणि दोन दारं बंद झाली ती झालीच.

आता शांतवन रीत मोडणारा माणूस नव्हता. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तो न चुकता भावाच्या उंबऱ्याशी जायचा. पण विचारायचं ते विचारायचा नाही. तो सांगायचा, "मी तुला क्षमा केली आहे. आता तू कबूल हो." नथानेल दार लावून घ्यायचा. शांतवन घरी येऊन म्हणायचा, की मी माझ्या बाजूने केलं बाबा, पुढे त्याचं तो जाणे.

सलोमी चुलीतली राख सारता सारता विचारायची, "अहो, क्षमा द्यायला गेला होतात की वसुलीला?"

पुढे पुढे नथानेलने देवळात येणंच सोडलं. आणि एका पावसाळ्यात गावात बोलवा झाली, की पाऊस सरला की तो बायकामुलं घेऊन सासुरवाडीला जाणार, कायमचा. शांतवनला त्याला थांबवायचं होतं. पण उंबऱ्याशी जाऊन वेगळं काय बोलावं, ते त्याला सुचेना.

त्याच पावसाळ्यात बापाच्या आंब्याला भिरूड लागली. खोड आतून पोखरलेलं, झाड फार दिवस टिकणार नव्हतं. त्या आंब्याची चव दुसऱ्या कुठल्या झाडाला नव्हती. शांतवनने ठरवलं, याचं कलम बांधायचं. कोयीचं रोप लावलेली कुंडी त्याने मचाणावर चढवून फांदीशी टेकवली. रोपाची साल तासली, फांदीची साल तासली, दोन्ही एकमेकांना लावून सोपटाने आवळली, वर माती लिंपली आणि वाट बघत बसला.

मुदत भरल्यावर त्याने सोपट सोडलं, तर रोप बाजूला कलंडलं. जुळलंच नव्हतं. जन्मभर कलमं बांधलेला माणूस, त्याने सलोमीला हाक मारली.

सलोमी मचाणावर चढून आली. तिने रोप बघितलं, मग फांदी बघितली. रोपाला खोल घाव, तो वाळून काळा पडलेला. फांदीला मात्र वरवरचा ओरखडा.

"रोपालाच तेवढं कापलंत," ती म्हणाली. "फांदीला नुसतं खाजवलंत."

"बापाचं झाड," शांतवन म्हणाला. "पातं लावायला हात होईना."

"मग जुळणार कसं?"

ती उतरून घरात गेली. शांतवनने दोन्ही घावांवरून बोट फिरवलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की भावाच्या दारात मी हेच करत आलो. त्याने कापून घ्यावं, आणि माझी साल शाबूत राहावी. त्याला देवळातला लाकडी क्रूस आठवला, त्याच्याच हातचा. ज्याने आपल्याला जोडून घेतलं, त्याने आधी स्वतःच्या अंगावर घाव घेतले. एवढा क्रूस घडवला मी, आणि एवढं दिसलं नाही मला.

तो खाली उतरला तो थेट भावाच्या उंबऱ्याशी गेला. त्या दिवशी प्रभुभोजनाची आदली संध्याकाळ नव्हती, साधा वार होता. नथानेल दार लावणार, तेवढ्यात शांतवनने विचारलं, "नथू, तुझ्या मनात माझ्याविषयी काय आहे?"

नथानेलने या वेळी दार लावलं नाही.

"तू बोललास ते खरं होतं," शांतवन म्हणाला. "बापाने हाक मारली होती. मी म्हटलं, एवढ्या कलमाला पाणी घालतो आणि येतो. गेलो तेव्हा उशीर झाला होता. खरं होतं म्हणूनच मला ते झोंबलं."

नथानेल उंबऱ्याबाहेर आला. मग म्हणाला, "दादा, मला निरोप वेळेवर मिळाला होता. उद्या निघू, उद्या निघू म्हणत मीच राहिलो."

दोघे भाऊ उंबऱ्यावर बसले आणि बापासाठी रडले. एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी दोघे मचाणावर चढले. त्याच रोपाला, जुन्या घावाच्या जरा वर, काप दिला. फांदी नथानेलने धरली. या वेळी शांतवनने तिलाही तेवढाच खोल काप दिला. मग नथानेल रोज येऊन विचारायचा, की सोडून बघू या का? शांतवन म्हणायचा, "नको. जुळतंय तेव्हा त्याला उघडू नये."

पाऊस सरला. सोपट सोडलं, तर जोड गच्च धरला होता. नथानेलची गाठोडी बांधायची राहिली ती राहिलीच. पुढच्या प्रभुभोजनाला दोघे एका बाकावर बसले, आणि सलोमीने पदराने डोळे टिपले.

बापाचा आंबा पुढे एका वाऱ्यात पडला. पण कलम देवळाच्या दाराशी लावलेलं होतं. एका उन्हाळ्यात त्याची पहिली फळं देवाला म्हणून देवळातल्या मेजावर ठेवली, आणि गावातली पोरं रस कोपरापर्यंत ओघळवत खात बसली. चव तीच होती.

म्हणून लेकरांनो नि थोरांनो, ध्यानात ठेवा: तुटलेला भाऊ जोडायचा, तर पहिला काप आपल्याच सालीला द्यावा.