येसूबाईची सांदणं आणि अडलेला कौल

सहजनाथ महाराज त्या वर्षी वैशाखात कुडवणे गावी, नवलाईदेवीच्या देवळात मुक्कामाला होते. उत्सवाचा दिवस होता. गावचे अंताजी खोत यांनी साजूक तुपातल्या पुरणपोळ्यांचा बेत केला होता, आणि सकाळपासून तो भेटेल त्याला ऐकवतही होते.

तेवढ्यात येसूबाई रहाटे डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत सांदणं होती. बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या आणि गूळ, एवढंच घालून वाफवलेली, पिवळीधम्मक! पायरीपाशीच खोतांनी तिला अडवलं.

"हे काय आणलंस? कण्या आमच्याकडे कोंबड्यांना घालतात! आज पोळ्यांचा नैवेद्य आहे. पायरी चढायची नाही."

मंडपात हशा पिकला. गरीब विधवा बाई, रडली असेल असं वाटतं ना तुम्हाला? छे! तिने टोपली खाली ठेवली आणि शेजारी फतकल मारली.

"चडत नाय. पन घरी पन जानार नाय. वर्साचं पैलं सांदण नवलाई आयेनं खाल्ल्याबिगर माज्या घरात कोन चाखत नाय. बसते हितंच."

महाराज वर पाटावर बसले होते. ते उठले, भर उन्हात पायऱ्या उतरले आणि येसूबाईशेजारी जमिनीवर बसले.

"महाराज, आपलं पान वर मांडलंय!" खोत ओरडले.

"असू दे. आमचं यजमानघर खाली आहे," महाराज म्हणाले.

खोतांनी तणतणत पोळ्यांचा नैवेद्य दाखवला. त्या गावची रीत अशी, की नैवेद्यानंतर गुरव देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पाकळी गळली की आईने घास घेतला, तिचा कौल मिळाला. तोवर पंगतीत कुणी पानाला हात लावायचा नाही.

पाकळी काही गळेना. पाणी सुकलं, पाकळ्या वाळून कोळपल्या, तरी दगडाला घट्ट! खोतांनी आणखी तूप ओतलं, दुसरं ताट आणलं, हात जोडले. काही उपयोग नाही. पानांवरचा भात गार झाला आणि पोरं भुकेने रडू लागली.

शेवटी खोत बाहेर आले. "महाराज, काहीतरी करा!"

"मी काय करू? देवीला जे खायचंय ते तुम्ही पायरीखाली अडवून ठेवलंय."

खोतांनी दातओठ खाल्ले. "बरं, ने बाई वर."

"मी नाय नेत," येसूबाई म्हणाली. "ज्यानं अडवलं, त्यानंच न्यावं."

काय ही हिंमत!

"मी? मी टोपली उचलू? गाव काय म्हणेल?"

"मग बसू दे गाव उपाशी," महाराज म्हणाले आणि खदखदून हसले.

इतक्यात पंगतीतून खोतांची म्हातारी आईच कडाडली, "अंता, उचल मेल्या! पोरांचे जीव कासावीस झालेत!"

खोतांनी टोपली उचलली. डोक्यावर घ्यायला पगडी आड येत होती, ती काढून पायरीवर ठेवावी लागली. गाभाऱ्यात जाऊन त्यांनी पहिलं सांदण देवीपुढे ठेवलं मात्र, उजवी पाकळी गळली, आणि तिच्यामागोमाग सगळ्याच! "आईनं घेतलं!" म्हणून गुरव ओरडला. सगळ्या देवळात फणसाचा घमघमाट सुटला.

खोत तसेच धावत खाली आले आणि महाराजांच्या पायांशी कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको. जिने रांधलं, तिच्यापुढे वाका."

अंताजी खोतांनी भर गावादेखत येसूबाईपुढे डोकं टेकलं. डोळ्यांतलं पाणी त्यांना आवरेना.

येसूबाईने पदर खोचला. "पाया मागारनं पडा, खोतांनू. आदी वाट सोडा. पोरं उपाशी हायत, मला वाडायचाय."

खोत बाजूला सरले, आणि येसूबाई त्याच पायऱ्या चढून वर गेली.