उलटा पाट

सोनखेडच्या राजाला तळ्यापासून बारा कोस लांब पाट खणायचा होता. काम दहा वर्षांचं. दिवाणांनी गावोगाव दवंडी पिटवली, "पाट झाला की राज्याचा उत्कर्ष होईल." माणसं आली आणि महिन्याभरात पांगली.

मग काम तान्हूबाई मुकादमणीकडे गेलं. चार महिन्यांत खबर आली, खणायला एवढी गर्दी की कुदळी पुरत नाहीत. राजा तडक घोड्यावर निघाला, मागोमाग दिवाण. बघतात तर तळ्याजवळ कुणीच नाही. खोदकाम सुरू झालं होतं पार दुसऱ्या टोकाला, तहानलेल्या गावांपासून.

दिवाण खदखदून हसले. "अगं, पाणी तळ्यात आणि तू खणतेस गावातून? सरकार, हिला आजच हाकला."

"उत्तर दे, तान्हूबाई," राजा म्हणाला. "नाहीतर मुकादमकी गेली."

तान्हूबाईनं पदर खोचला. "सरकार, पाणी तळ्यातून येणार, पण माणसं गावातून येतात. दारातला कोरडा पाट रोज सकाळी दिसला, की घरात बसवतं कुणाला?"

राजा दिवाणांकडे वळला. "उद्या तुमच्या दारातूनही एक फाटा खणून घेऊ. बघू, तुम्ही तरी कामावर येता का."