उचकीचं लॅटिन नाव

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. मी स्वतः तिथे चिंचेखाली बसलो होतो. त्याच दिवशी मी साताऱ्याला साडूच्या मुलीच्या बारशाला होतो, हेही तितकंच खरं. पण त्यामुळे गोष्टीचं काही बिघडत नाही.

"पण बाबा, थांबणार कधी?" डॉक्टर आठल्ये विचारत होते. "दोन दिवस झाले... हिक्... आज चारला सांगलीत माझं भाषण आहे. समोर दीडशे डॉक्टर. आणि विषयच उचकी."

मिरजेबाहेरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहणारे नूरशाबाबा फकीर चिंचेखाली घोंगडीवर बसून लसूण सोलत होते.

"औषधं?"

"सगळी झाली. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला."

"मग फकिराकडे कसा आलास?"

"बायकोनं पाठवलं."

"शहाणी आहे. तुमच्यात काय म्हणतात हिला?"

डॉक्टर सावरून बसले.

"सिंगल्टस. जोर 'गल्'वर. निम्मे डॉक्टर तो 'सिं'वर देतात, मला ते... हिक्... सहन होत नाही. श्वासपटलाचा स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आकसतो, ती ही. शब्द लॅटिन. मूळ अर्थ हुंदका."

"हुंदका." बाबांनी एक पाकळी ताटात टाकली. "बरा शब्द आहे. नावं घेतलीस?"

"अहो, मी एम. डी. आहे."

"असू दे. कोण आठवण काढतंय ते सांग. बरोबर नाव आलं की थांबते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि सुरुवात केली.

"आमचे डीन... हिक्. संघटनेचे अध्यक्ष... हिक्. साखर कारखान्याचे चेअरमन, त्यांचं बीपी माझ्याकडेच असतं... हिक्."

"संपली?"

"मोठी माणसं संपली."

बाबांनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"आता उलटं सांग. तुझ्या आठवणीनं आज कुणाला उचकी लागली असेल?"

डॉक्टर पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले.

"बायकोला?" बाबांनी विचारलं.

"तिची कशाला आठवण काढू? ती घरातच असते."

"बरं. हा जोर कुठं द्यायचा, ते तुला शिकवलं कुणी?"

"शिकवतंय कोण? मी स्वतः..."

डॉक्टर तिथेच अडले.

"हणमंत हुक्केरी," ते हळूच म्हणाले. "वसतिगृहात माझ्या खोलीत होता. मला हा शब्द म्हणताच येईना. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडून चाळीस वेळा घोकून घेतला. स्वतःचा अभ्यास ठेवला बाजूला. मी पास झालो, तो... राहिला. कॉलेज सोडून गेला. जतला औषधाचं दुकान आहे म्हणे त्याचं."

"किती वर्षं झाली?"

"बावीस."

"पत्र? फोन?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

आणि उचकी थांबली. डॉक्टर वाट पाहत राहिले, पण ती आलीच नाही.

आता शपथ घेतलीच आहे म्हणून कबूल करतो. उचकी थांबली, एवढं मी पदरचं घातलं. एवढं बोलून झाल्यावरही उचकी थांबली नाही, तर ऐकणारे माझ्यावर चिडतात. खरं म्हणजे ती पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी.

"बाबा," डॉक्टर रडकुंडीला येऊन म्हणाले, "नाव घेतलं, तरी... हिक्... थांबली नाही. चारला माझं काय होणार?"

बाबांनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

"तुझी राहू दे. जतला त्याला आत्ता लागली असेल... पाणी द्यायला कोण जाणार?"