अर्सुलाबाईंचा कठडा

"कठडा? थडग्याला?" फादर बस्त्यावांनी मान वर न करताच विचारलं.

"लोखंडी. कंबरेएवढा. आणि त्याला कुलूप," इमेल्डा म्हणाली. "किल्ली माझ्याकडे राहील."

मृतांच्या दिवसानंतरची ती सकाळ. वसईकडच्या त्या गावात आदल्या संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी लखलखत होती. आता म्हातारे फादर स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन थडग्यांवरचं मेण खरवडत होते आणि डब्यात टाकत होते. चर्चमधल्या मिस्सेचं, म्हणजे उपासनेचं, काम नव्या फादरांकडे गेल्यापासून त्यांनी असली कामं आपणहून अंगावर घेतली होती.

आत्ता ते अर्सुलाबाईंच्या थडग्यावर होते. सगळ्यात जास्त मेण तिथंच साचलं होतं. इमेल्डाचा पोटशूळ तोच होता.

अर्सुलाबाई म्हणजे तिची आई. पहाटेची मिस्सा कधी चुकवली नाही, आणि जन्मभर गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग सोडला नाही. मार्चमध्ये गेल्या. इमेल्डा त्यांची एकुलती एक लेक, स्वतः हायस्कूलची मुख्याध्यापिका, हुकूम सोडायची सवय. आईवर हक्क सांगायचा तर तो पोटच्या पोरीनं नाही तर कुणी सांगायचा?

"काल मला मेणबत्ती ठेवायला जागा मिळाली नाही, फादर. माझ्या आईच्या थडग्यावर. मला!"

"गर्दी होती खरी."

"तो केळीवाला दुमिंग… एवढं पोट सावरत खाली बसला आणि मला म्हणतो, 'जरा सरका हो मॅडम, आमची आई आहे.' आमची! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या."

फादर हसले. हसू नये तिथं हसायची त्यांची जुनी खोड.

"हसा! तुमचं काय जातंय? लहानपणापासून हेच बघत आलेय मी. वर्गात मीसुद्धा तिला 'बाई'च म्हणायचं. हात वर केला तर माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी. बाबांना इथं मूठमाती दिली, आणि चौथ्या दिवशी ही बया फळ्यासमोर उभी. पोरांचं नुकसान होतं म्हणे! माझं नव्हतं होत?"

उलथणं थांबलं.

"…हं."

"घरी तरी माझी होती का? रोज रात्री जपमाळ. ती संपली की सुटलो म्हणावं, तर कसलं काय. चटईवर मांडी घालून बसायची, आणि मग नावं सुरू."

"कुणाची नावं?"

"वर्गातल्या पोरांची, आणखी कुणाची? 'मरियामाते, पावलूच्या डोक्यात पाढे शिरू दे. बेर्नादच्या बापाची दारू सुटू दे. शांतीच्या केसांतल्या उवा जाऊ दे.' उवांसाठी नमो मरिया, फादर! 'आणि दुमिंगला एक वेळ तरी पोटभर मिळू दे.'"

"ती प्रार्थना मात्र चांगलीच लागू पडली," फादर म्हणाले.

इमेल्डाला हसू आलं. ते तिनं गिळलं.

"माझं नाव कधी नाही. एकदाही कानावर आलं नाही माझ्या."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? तिची नावं काही संपायची नाहीत. डोळे मिटायला लागायचे. तिथंच कलंडायचे मी… तिच्या मांडीवर."

"आणि ती?"

"ती? एका हातानं मला थोपटायची आणि तोंडानं पावलू, बेर्नाद, दुमिंग. मेलं ते थोपटणंसुद्धा त्या नावांच्या तालावर!"

बोलून गेली आणि पर्सचा पट्टा उगाच सारखा करू लागली.

कुंपणापलीकडच्या सुरूच्या झाडांत वारा घुमत होता…

"कालची मेणबत्ती कुठाय तुझी?" फादरांनी विचारलं.

पर्समध्ये होती. जराशी वाकलेली, वात कोरी. फादरांनी थडग्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा खरवडली, बाहीनं पुसली.

"ठेव."

इमेल्डा खाली बसली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग फादरांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला, तेव्हा कुठे वात पेटली. साऱ्या दफनभूमीत त्या घटकेला तेवढी एकच मेणबत्ती जळत होती.

ती पाहत राहिली. डोळ्यांना धार लागली. अर्सुलाबाई गेल्या तेव्हा लोकांदेखत ती रडली नव्हती. घरच्या माणसानं आधी आल्यागेल्याचं बघायचं असतं म्हणून कॉफीचे कप भरत उभी राहिली होती. तेव्हाही तो दुमिंग ओक्साबोक्शी रडत होता, आणि बाया त्याचीच पाठ चोळत होत्या.

ते आठवलं मात्र, आणि तिचं नाक रागानं लाल झालं. मत्सर का असा एका मेणबत्तीनं जातो?

तिनं रुमालानं तोंड पुसलं आणि उभी राहिली.

"पण कठड्याचं काय? नव्या फादरांकडे माझ्यासाठी शब्द टाकाल ना?"

"टाकतो की."

तिला हे अपेक्षित नव्हतं. "…खरंच?"

फादरांनी मेणाचा डबा काखेत मारला, गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले.

"खरंच. बांध तू कठडा, घाल कुलूप. फक्त पुढच्या वर्षी कठड्याच्या दाराशी उभी राहा, आणि जो येईल त्याला विचार, 'बाईंच्या मांडीवर झोपला होतास का कधी?' पहिल्यांदा दुमिंगलाच विचार. नाहीच म्हणेल तो. मग जमलं, तर दे हाकलून."