मंजुळेनं घातलेलं तेल

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथल्या दोन म्हाताऱ्या मात्र आठवतात. आपल्याला तेवढ्या दोघी पुरेत.

एक चिमाक्का आणि दुसरी मंजुळा. घराला घर लागून. दुपारची जेवणं आटोपली की मंजुळा खलबत्ता घेऊन चिमाक्काच्या ओसरीवर यायची आणि पान कुटायची, कारण चिमाक्काच्या तोंडात दात म्हणून उरला नव्हता. कुटलेलं पान दोघी गालात धरायच्या आणि मग गावातल्या एकेकाची जी काही हजेरी घेतली जायची, ती विचारू नका!

सगळं गाव नदीला मानणारं. मंजुळाही त्यांच्यातलीच. संध्याकाळी घाटावर जायचं, ओंजळभर पाणी उचलायचं आणि नदीलाच परत द्यायचं, ही त्यांची पूजा. चिमाक्काचं घर तेवढं दिव्याला मानणारं. तिच्या देवघरातला दिवा कधी विझू द्यायचा नसे. विझलाच, तर दुसऱ्या विस्तवावर लावायचा नाही. विझला तो संपला. घरात नवी सून आली की आधी त्या दिव्यात तेल घालायची. आपल्या हातानं तेल घातलं की ती दिव्याची झाली, असा रिवाज. चिमाक्कानंही तसंच घातलं होतं, आणि मरताना सासूनं तो दिवा तिच्या हाती सोपवला होता. आता त्या घरात ती एकटीच उरली होती.

आता चिमाक्काचा जीव एका गोष्टीनं खालीवर व्हायचा. दिव्याची माणसं मेल्यावर उजेडाच्या गावाला जातात, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. मग मंजुळा कुठं जाणार?

"मंजुळे, दिव्याची हो गं," ती रोज म्हणायची. "तिकडं मला पान कोण कुटून देईल?"

"तिकडं नवे दात येतील तुला," मंजुळा म्हणायची. "आणि माझी नदी काय मला वाऱ्यावर सोडणार आहे? खा गुपचूप."

इथवर काही बिघडलं नव्हतं बरं का. आपल्याला गोड लागलेला घास जिवलगाला द्यावासा वाटणारच. मंजुळाही कधी रागवायची नाही. पण चिमाक्काला धीर धरवेना. वय झालेलं, उद्याचा काय भरवसा? आणि म्हातारीच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

एके सकाळी ती घोंगडी पांघरून कण्हत पडून राहिली. मंजुळा धावत आली. "काय होतंय गं?"

"उठवत नाही बाई. दिव्यातलं तेल संपत आलंय. तेवढं घाल ना."

मंजुळेनं मागचापुढचा विचार केला नाही. तेलाचा बुधला उचलला आणि थेंबही न सांडता तेल घातलं. त्याबरोबर चिमाक्का ताडकन उठून बसली आणि टाळ्या पिटत ओरडली, "झालीस! दिव्याची झालीस! आता कुठं जातेस मला सोडून?"

मंजुळा तिच्याकडे बघतच राहिली. "मी तेल तुझ्यासाठी घातलं होतं, चिमे," एवढंच ती म्हणाली. बुधला जागेवर ठेवला आणि निघून गेली.

चिमाक्काला वाटलं, येईल राग गेला की. तिला तर आनंद पोटात मावेना. पाण्याला निघालेल्या बायकांना तिनं हाका मारमारून सांगितलं, "आमची मंजुळा दिव्याची झाली हो!" त्या संध्याकाळी मंजुळा घाटावर उतरली, तर बायका म्हणाल्या, "तू आता दिव्याची ना? मग मागं हो." जिनं जन्मभर नदीला ओंजळ दिली, ती पायरीवर कोरड्या हातांनी उभी राहिली. मला तर हे सांगताना आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खलबत्ता वाजला नाही. त्यानंतरही नाही. चिमाक्का पान हातात घेऊन ओसरीवर बसायची आणि पान तिथंच सुकून जायचं. गावानंही धसका घेतला. कुणी तिचा उंबरा ओलांडेना. काय नेम, म्हातारी बोलता बोलता म्हणायची, 'तेवढा बुधला दे रे', आणि आपण दिव्याचे होऊन बसायचो!

आणि मग चिमाक्का खरंच पडली. न्हाणीतल्या दगडावरून पाय घसरला आणि कंबर धरली. सरपटत कशीबशी अंथरुणावर आली, ती तिथंच खिळली. दिव्यातलं तेल उतरत चाललेलं, आणि तिचा हात काही तिथवर पोचेना. शेजारपाजारचे धावले. पेजेची वाटी त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच काठीनं आत सरकवली.

"तेल तेवढं घाला रे कुणी," ती म्हणाली.

"तेलाचं सोडून काहीही सांग, आजी," ते म्हणाले आणि दोन पावलं मागं सरले. त्यांना तरी काय बोलावं?

वात तडतडू लागली. सासूनं विश्वासानं सोपवलेला दिवा आपल्याच करणीनं विझणार, हे कळून चिमाक्काच्या डोळ्यांना धार लागली.

इतक्यात गर्दीतून मंजुळा पुढं आली. उंबऱ्याशी थांबली. "खरंच पडलीस, की पुन्हा सोंग?"

"खरंच गं," चिमाक्का हुंदका देत म्हणाली.

मंजुळा सरळ आत आली आणि तिनं बुधला उचलला. "मला दिव्याची म्हणायचं तर खुशाल म्हण. घाटावर नाही जाऊ दिलं तरी चालेल. पण तुझा दिवा माझ्या डोळ्यांदेखत विझायचा नाही."

"थांब!" चिमाक्का ओरडली.

मंजुळेचा हात तसाच थांबला. ज्योत खाली खाली जात होती, पार मोहरीएवढी झाली होती. पण चिमाक्का दिव्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"ऐका रे सगळे! मागच्या वेळी मी सोंग घेतलं आणि हिला फसवलं. मंजुळा नदीची होती, नदीचीच आहे. हिला घाटावर कुणी अडवायचं नाही." मग ती मंजुळेला म्हणाली, "आता घाल. तुझ्या नदीचं नाव घेऊन घाल."

"आणि तुझा रिवाज?"

"माझ्या देवाची समजूत मी घालीन. तू घाल गं लवकर!"

मंजुळेनं नदीचं नाव घेतलं आणि तेल घातलं. दिवा आधी फुरफुरला आणि मग नेहमीसारखा शांत जळू लागला.

चिमाक्काची कंबर हळूहळू बरी झाली. तोवर गावातलं कुणी ना कुणी येऊन नदीचं नाव घेऊन तेल घालून जायचं, आणि संध्याकाळी मंजुळा आपली ओंजळ नदीला द्यायची. दुपारी पुन्हा खलबत्ता वाजू लागला.

एकदा पान गालात धरून चिमाक्कानं हळूच विचारलं, "मंजुळे, पण तिकडं गेल्यावर आपली भेट कशी व्हायची गं?"

"तू तुझ्या उजेडातून हाक मार," मंजुळा म्हणाली, "मी माझ्या पाण्यातून ओ देईन. इतकी वर्षं शेजारून देतेच आहे की."

तर मंडळी, आपली श्रद्धा जिवलगाला दाखवावी जरूर, पण ती त्याच्या गळ्यात बांधू नये.