टिल्लूचा किर्र

शाळेच्या खिडकीत राहायचा एक इवलासा नाकतोडा. नाव त्याचं टिल्लू. त्याला यायचा एकच आवाज. किर्र.

वर्गात मुलं गाणं बनवायची. शैलाबाईंनी सांगितलं होतं, आवाज थोडेच घ्या. तेच पुन्हा पुन्हा वाजवा. रोज गाणं व्हायचं. रोज टिल्लू त्यात म्हणायचा, किर्र.

आज वर्ग गप्प. गाणंच नाही. टिल्लूला रडू आलं.

टुणुक टुणुक तो गेला शरयूकडे. तिच्या हातात घुंगरू.

"गाणं काही होईना. मी किर्र करू कुठे?"

शरयू म्हणाली, "रेवण ढुम करेल, तेव्हा मी छुम करीन."

टुणुक टुणुक तो गेला रेवणकडे. त्याच्या मांडीवर डफ.

"शरयू छुम करेना. गाणं काही होईना. मी किर्र करू कुठे?"

रेवण म्हणाला, "हमीद डब करेल, तेव्हा मी ढुम करीन."

टुणुक टुणुक तो गेला हमीदकडे. त्याच्यापुढे पालथा डबा.

"रेवण ढुम करेना. शरयू छुम करेना. गाणं काही होईना. मी किर्र करू कुठे?"

हमीद म्हणाला, "दुर्वा टक करेल, तेव्हा मी डब करीन."

टुणुक टुणुक तो गेला दुर्वाकडे. तिच्या मुठीत दोन खडे.

"हमीद डब करेना. रेवण ढुम करेना. शरयू छुम करेना. गाणं काही होईना. मी किर्र करू कुठे?"

दुर्वाने मूठ घट्ट मिटली.

"काल माझा टक उशिरा आला. सगळे हसले."

टिल्लू हळूच तिच्या गुडघ्यावर बसला.

शैलाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "उशिरा तर उशिरा. आम्ही तुझ्यासाठी थांबू."

सगळे थांबले. थांबले. थांबले.

मग दुर्वाने केलं टक.

हमीदने केलं डब.

रेवणने केलं ढुम.

शरयूने केलं छुम.

आणि पुन्हा सगळे थांबले, दुर्वासाठी. मध्ये एक छोटीशी रिकामी जागा. अगदी टिल्लूएवढी.

टिल्लू म्हणाला, किर्र.

टक, डब, ढुम, छुम… किर्र.

टक, डब, ढुम, छुम… किर्र.

दुर्वा हसली. सगळे हसले. या हसण्याने कुणाला रडू आलं नाही.

बाईंनी फळ्यावर गाणं लिहिलं. खाली लिहिलं, हे गाणं कुणी बनवलं. दुर्वा. हमीद. रेवण. शरयू.

आणि त्याखाली, बारीक बारीक अक्षरात, टिल्लू.