भिवनाथ महाराजांच्या सहा चकत्या

बसा रे बाबांनो, जरा सरकून बसा. आज भिवनाथ महाराजांच्या चकत्यांची गोष्ट सांगतो. हसू नका, चकत्यांचीच!

महाराज तेव्हा तांबुळखेडच्या मठात राहत. पुढ्यात चौरंग, चौरंगावर पोथीचे कागद. येणारे-जाणारे भक्त ताक प्यायचे आणि ओला पेला खुशाल चौरंगावर टेकवायचे. एके दिवशी ओल पसरली, शाई फुटली, लिहिलेलं अख्खं पान गेलं. महाराज रागावले नाहीत. केरबा सुताराला म्हणाले, "लेकरा, पेल्याखाली ठेवायला लाकडाच्या सहा चकत्या कर. त्या उभ्या लावून ठेवायला एक घोडीही कर. पुनवेच्या भंडाऱ्याला हव्यात."

केरबा बावचळला. लाकूड तासताना वाकस लागून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. गावात साधी खुंटीसुद्धा कुणी त्याच्याकडून ठोकून घेत नव्हतं. शेजारीच बाळोजी मेस्त्री बसला होता. मठाचे दरवाजे त्याच्या हातचे, त्यामुळं मान जरा ताठच.

"महाराज, याला सरळ रेघ मारता येईना, गोल काय करणार डोंबल!" आणि केरबाकडं वळून म्हणाला, "पुनवेला सहा झाल्या नाहीत, तर तुझी हत्यारं माझ्या घरी आणून टाकायची. कबूल?"

केरबानं मान हलवली. का हलवली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. हत्यारं बापाची. ती गेली की सुतार म्हणवून घ्यायलासुद्धा काही उरत नव्हतं!

मठामागं शिसवीची एक फांदी वाळत पडली होती. "यातूनच कर," महाराज म्हणाले. केरबानं करवतीनं मुळ्यासारखे काप पाडले. बरोब्बर सहा निघाले, बाकीची फांदी वाळवीनं खाल्लेली. पायानं लाकूड दाबून धरायचं, डाव्या हातानं कानस फिरवायची, तोंडात महाराजांचं नाव. पाच झाल्या. घोडीही झाली. पुनवेच्या सकाळी सहावी घासताना कट्‌कन आवाज आला आणि तिचे दोन तुकडे झाले.

बिचारा तसाच मठात धावला. "महाराज, सहावी फुटली! हत्यारं मेस्त्रींकडं पोचवून येतो."

"अरे, सहावी तर झाली की," महाराज म्हणाले. "जा, घोडी घेऊन ये."

"पण महाराज, आत्ता माझ्या हातात..."

"ते तुकडेही आण."

घरी येऊन बघतो तर काय! घोडीत सहा चकत्या उभ्या. आणि तुकडे जमिनीवर होते तिथंच. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं, बायकोला बोलावून मोजायला लावलं.

"सहाच आहेत की हो," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

केरबा घोडी आणि तुकडे घेऊन मठात आला, तसा बाळोजी खो-खो हसला. "एक बाहेरून आणलीस, होय रे?"

"आणली नाही, मेस्त्री. आणि केलीही नाही. देवाशपथ, मला काहीच कळत नाही."

"मला लाकडातलं कळतं. थांब!" बाळोजीनं चकत्या ओळीनं मांडल्या. शिसवीच्या पोटात एक काळी शीर होती. ती पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत वळत वळत गेलेली. पाचवीत जिथं थांबली, तिथूनच सहावीत पुढं निघाली. म्हणजे चकती याच फांदीची. बाळोजीनं ती उचलली आणि तिच्या जागी ते दोन तुकडे जोडून ठेवले. शीर तिथूनच निघाली, तशीच वळली. फांदीचा काप एकच, आणि निघाला दोनदा!

"काय झालं, मेस्त्री?" लोकांना काही उमगेना. बाळोजीला मात्र दरदरून घाम फुटला. त्यानं पागोटं काढून महाराजांच्या पायांवर ठेवलं. मग सगळ्यांदेखत केरबाच्या पायांशी वाकला.

"महाराज, चाळीस वर्षं लाकूड कापतोय. असं होत नाही हो!"

"नाही ना होत? मग ताक घे," महाराज म्हणाले, "आणि पेला चकतीवर ठेव."

केरबानं हळूच विचारलं, "पण महाराज, केली कुणी?"

"कानस कुणाची होती?"

"माझी."

"मग मला काय विचारतोस?"

आता बाबांनो, तुमच्यात कुणी लाकडातलं जाणतं असेल, तर उठायच्या आधी जरा इकडं या, आणि मला तेवढं समजावून सांगा.